सातपुड्यातील प्राणिनामे

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुड्याची रांग उभी आहे. तिच्या पायथ्याशी जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे तालुके वसलेले आहेत. संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्यात वाघ, बिबटे, अस्वले आणि नाना जातींचे पक्षी आढळतात. रान एकच, प्राणीही तेच. परंतु त्यांची नावे मात्र निरनिराळी. मैदानातील शेतकरी ज्याला 'वाघ' म्हणतो, त्याला डोंगरातील कोरकू माणूस 'कुला' म्हणतो.

कोरकू ही सातपुड्याच्या दोन्ही अंगांस, महाराष्ट्रात व मध्य प्रदेशात, बोलली जाणारी भाषा होय. 2011 च्या जनगणनेत ती बोलणाऱ्यांची संख्या सात लाखांहून अधिक भरली. या भाषेत कुत्र्याला 'सिता', शेळीला 'सिरी', कोंबडीला 'सिम' आणि माशाला 'काकू' म्हणतात. हे शब्द प्रथमच ऐकणाऱ्या मराठी मुलाला हसू आवरत नाही. माशाला काकू कसे म्हणावे, असे त्याला वाटते. परंतु शेजारच्या बाकावरील कोरकू मुलाने मराठीत 'काकू आली' हे वाक्य ऐकले, तर त्याच्या डोळ्यांपुढे काय उभे राहील, याचाही विचार केला पाहिजे. एकच ध्वनी दोन भाषांत दोन निराळे अर्थ वाहतो. त्यांतील कोणताही अर्थ चुकीचा नसतो.

प्राण्यांची नावे पाठ केली म्हणजे ती आली, असे मात्र नाही. ती वाक्यात कशी वागतात, हेही शिकावे लागते. मराठीत 'एक घोडा, दोन घोडे' असे आपण म्हणतो. पण 'एक वाघ, दोन वाघ' म्हणताना 'वाघ' हा शब्द मुळीच बदलत नाही. वाघ एक की अनेक, हे 'आला' किंवा 'आले' या क्रियापदावरून कळते. कोरकूची रीत याहून वेगळी आहे. एक वाघ असेल तर 'कुला', दोन असतील तर 'कुलाकिंग' आणि दोहोंपेक्षा अधिक असतील तर 'कुलाकू'. त्याचप्रमाणे सिता, सिताकिंग, सिताकू. संस्कृतात 'देवः, देवौ, देवाः' अशी तीन वचने असतात. तशीच तीन वचने कोरकूतही नांदत आहेत. मराठीने द्विवचन केव्हाच सोडून दिले; कोरकूने ते आजही राखले आहे.

यात आणखी एक मौज आहे. 'किंग' आणि 'कू' हे प्रत्यय सजीवांच्या नावांनाच लागतात. दगड दोन असोत वा दहा, त्यांच्या नावात फरक पडत नाही. म्हणजे जिवंत काय आणि निर्जीव काय, याचा विचार करूनच कोरकू बोलणाऱ्यास शब्दाचे रूप ठरवावे लागते. 'कोरकू' हे नावही याच रीतीने बनलेले आहे. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. तेव्हा कोरकू म्हणजे माणसे. सिताकू म्हणजे कुत्रे, कुलाकू म्हणजे वाघ आणि कोरकू म्हणजे माणसे. माणूस आणि पशू यांना ही भाषा एकाच पंगतीत बसवते.

प्राण्यांच्या नावांवरून भाषांची नातीही उलगडतात. झारखंड, ओडिशा व पश्चिम बंगाल या राज्यांत संताळी भाषा बोलली जाते. तीत कुत्र्याला 'सेता', वाघाला 'कुल' आणि माशाला 'हाको' म्हणतात. शेकडो कोस दूर असलेल्या या दोन भाषांतील शब्द इतके सारखे असावेत, हा योगायोग नव्हे. दोन्ही भाषा मुंडा या एकाच कुळातील आहेत आणि ते कूळ त्याहून मोठ्या ऑस्ट्रो-आशियाई कुटुंबात मोडते. दूर व्हिएतनाममध्ये माशाला 'का' म्हणतात. हा 'का' आणि सातपुड्यातील 'काकू' यांचे मूळ एकच आहे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात.

जळगाव जामोद तालुक्यात आणखी एक भाषा आहे. तिचे नाव निहाली. तिची गोष्ट अधिक नवलाची आहे. निहालीत कुत्र्याला 'नाय' म्हणतात. तमिळ भाषेतही कुत्र्याला 'नाय' असेच म्हणतात. निहालीतील पुष्कळ शब्द कोरकूशी जुळतात, काही मराठीशी जुळतात. परंतु सापाला निहाली माणूस 'कोगो' म्हणतो आणि माशाला 'चान'. या शब्दांना आसपासच्या भाषांत सोयरे सापडत नाहीत. कायपर या डच पंडितांनी 1962 साली निहालीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. या भाषेतील सुमारे चौथा हिस्सा शब्द कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी जुळत नाहीत, असे त्यांना आढळले. म्हणून आज निहालीला एकाकी भाषा मानतात. ती बोलणारे लोक सुमारे दोन-अडीच हजारच उरले आहेत. दहा हजारांहून कमी लोक बोलत असलेल्या भाषेचे नाव जनगणनेच्या कोष्टकात स्वतंत्रपणे छापले जात नाही. त्यामुळे तिथेही निहाली दिसत नाही. तिला स्वतःची लिपी नाही. घरात निहाली, शेजारी कोरकू आणि शाळेत व बाजारात मराठी, असा तिच्या मुलांचा दिनक्रम असतो. 'कोगो' म्हणणारी आजी गेली आणि नातवाच्या तोंडी 'साप' एवढाच शब्द राहिला, की एका प्राचीन भाषेचा एक दुवा निखळतो. त्याच्या जोडीचा शब्द दुसऱ्या कोणत्याही भाषेत नसल्यामुळे तो पुन्हा मिळवता येत नाही.

परकी भाषा शिकणाऱ्या पुष्कळ मुलांना प्राणिनामांपासून आरंभ करणे सोपे जाते. कारण प्राणी बोटाने दाखवता येतो. आफ्रिकेतील रवांडा देशाची भाषा किन्यारवांडा ही आहे. तीत कुत्र्याला 'इंब्वा', शेळीला 'इहेने' आणि गाईला 'इंका' म्हणतात. माणूस या अर्थाच्या 'उमुंतु' या शब्दाचे अनेकवचन 'अबांतु' असे होते. परंतु गाई कितीही असल्या तरी 'इंका' बदलत नाही. एक गाय म्हणजे 'इंका इम्वे' आणि दोन गाई म्हणजे 'इंका एब्यिरी'. संख्या सांगण्याचे काम शेजारचा शब्द करतो. आपला मराठी 'वाघ' असाच नाही काय? सहा हजार किलोमीटरांच्या आसपास अंतरावरील भाषेतही आपल्या भाषेतील एखादी खोड अशी ओळखीची निघते.

तेव्हा प्राण्याचे नाव शिकताना चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नाव त्या भाषेच्या माणसाच्या तोंडूनच ऐकावे. एकच प्राणी, दोन प्राणी आणि पुष्कळ प्राणी असतील, तर ते कसे बदलते हे विचारावे. ते नाव घालून एखादे लहानसे वाक्य म्हणून पाहावे. आणि देवनागरीत, ऐकले तसेच, वहीत टिपून ठेवावे. सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळांतून अशी वही भरण्यास दूर जावे लागणार नाही. वर्गातील कोरकू वा निहाली सोबत्यास 'सापाला तुमच्या घरी काय म्हणतात?' एवढे विचारले, की पुरे. एरवी वर्गात गप्प बसणारा तो मुलगा त्या दिवशी इतरांचा गुरू होईल. आणि आपल्या आजीचा शब्द शाळेच्या वहीत उतरलेला त्याला प्रथमच पाहावयास मिळेल.