गळा तिचा, पाय तिचे, कागद दुसऱ्याचा

कल्याण-नगर रस्त्यावर आळेफाटा मागे टाकून बेल्ह्याकडे निघालं की राजुरी लागते. दूध, कांदा आणि अलीकडे बिबट्या, या तीन कारणांनी या पट्ट्यातली गावं वर्तमानपत्रात येतात. चौथं कारण वर्षातून एकदाच येतं, तेही आतल्या पानावर: यात्रा. होळीच्या आसपास जुन्नर-आंबेगावातल्या गावोगावच्या पंचांच्या बैठका सुरू होतात. वर्गणी घरटी किती, मांडवडहाळ्यांची मिरवणूक कधी, शेरण्या, छबिना, कुस्त्यांचा आखाडा, बैलगाड्यांचा घाट. बैलगाडे मधली काही वर्षं कोर्टात अडकले होते, २०२१च्या डिसेंबरात सुटले. तमाशा कोर्टात न जाताही दरसाल वादात असतो, कारण तिथे गावाच्या इभ्रतीचा प्रश्न असतो. शेजारच्या गावाने गेल्या साली कुणाचा फड आणला, आणि आपण औंदा कुणाचा आणायचा?

हा प्रश्न सुटतो नारायणगावात. आळेफाट्यावरून पुण्याच्या दिशेने वळलं की हे गाव. पाडव्याच्या आधी इथे फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. प्रत्येक राहुटीवर फडाचा बोर्ड, आत फडमालक किंवा मॅनेजर, पुढ्यात तारखांची वही. गावकरी येतात, चहा होतो, कलावंत किती, नाचणाऱ्या किती, वग कोणता, लाइट-साउंड कसलं याची चौकशी होते, मग आकडा निघतो. जमलं तर इसार देऊन सुपारी पक्की. रात्री खेळ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी, हा इकडचा रिवाज. रात्रभर नाचलेल्या बायांनी सकाळच्या उन्हात पुन्हा उभं राहायचं, हे ठरलेल्या रकमेतच धरलेलं असतं. नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात. हे बिरुद खऱ्या अर्थाने एका बाईमुळे चिकटलं, आणि ती बाई जन्मली मात्र पंढरपुरातच, १९३५च्या जुलैत.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. आजोबा नारायण खुडे मूळचे शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचे. फड त्यांनी उभा केला. पुढे वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी तो ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने गाजवला. जात बोर्डावर लिहिण्याचा तो काळ होता. लोक तिकीट काढून आत येत, वाहवा करत, आणि दुसऱ्या दिवशी त्याच कलावंताला पाणी वरून वाढत. विठाबाई या फडात लहानाची मोठी झाली. शाळेशी तिचं फारसं जमलं नाही. रीतसर तालीम अशी कुणी दिली नाही, आणि फडातल्या मुलीला ती वेगळी द्यावीही लागत नाही. ढोलकी उशाशी वाजत असते.

एखाद्या परदेशी नटीच्या परिचयात ‘अभिनेत्री, गायिका आणि लेखिका’ असं वाचलं की आपण तिला अष्टपैलू म्हणून मोकळे होतो. तिने एक धंदा सोडून दुसरा धरला, तिसऱ्यात नाव काढलं, असा त्याचा अर्थ असतो. फडाच्या तमाशात हे टप्पे नसतातच. गणाने सुरुवात, मग गवळण, तिथे राधा होऊन मावशी आणि पेंद्याशी सवाल-जवाब, त्यात विनोदाची वेळ साधायची. मग रंगबाजी, म्हणजे लावणीवर लावणी, गायचीही आणि नाचायचीही. मग वग. त्यात हीच बाई राणी, सून, विधवा, कधी डाकूची बायको. पूर्वी माइक नव्हते तेव्हा कनातीच्या शेवटच्या टोकाला बसलेल्याला शब्द कळला पाहिजे, ही अट वेगळीच. एका रात्रीत चार पेशे, पहाटेपर्यंत. वर फडाची मालकीण असेल तर कलावंतांना दिलेली उचल, ट्रकचं भाडं, पुढच्या गावचा मुक्काम हेही तिच्याच डोक्यात.

सिनेमाने हेच काम कसं वाटून घेतलं ते बघण्यासारखं आहे. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९चा. पुण्याच्या विजयानंदला तो १३१ आठवडे चालला. त्यातल्या गाजलेल्या लावणीत पाय जयश्री गडकरांचे, गळा आशा भोसल्यांचा, शब्द गदिमांचे, चाल वसंत पवारांची. चौघांनी मिळून केलेल्या कामाचं श्रेय चौघांना नावानिशी मिळालं, आणि ते रास्तच आहे. पुढे सुलोचना चव्हाणांनी तर डोक्यावर पदर घेऊन, माइकसमोर जागचं न हलता लावणी घराघरात पोचवली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या गळ्याबद्दल दुमत असायचं कारण नाही. पण जी लावणी मध्यमवर्गाने घरात घेतली, ती आधी शरीरापासून सोडवून घेतलेली होती. विठाबाईच्या लावणीचे असे सुटे भाग करता येत नव्हते, म्हणून ती रेडिओच्या पेटीत कधी नीट मावली नाही. मला वाटतं, तिच्या गाण्याचा ठेवा तिच्या कीर्तीच्या मानाने इतका तोकडा राहिला, याचं हे एक खरं कारण असावं.

कीर्ती होती, यात शंका नाही. १९५७ साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला, तेव्हा ती बावीस वर्षांचीही पुरती नव्हती किंवा नुकती झाली होती. १९९० साली पुन्हा. दोन सन्मानांमधली तेहतीस वर्षं म्हणजे गावं, तंबू, गिरणगाव, पुन्हा गावं. दसऱ्याला फड बाहेर पडायचा तो बुद्धपौर्णिमेपर्यंत फिरत राहायचा. मध्ये तिकिटाचे तंबूतले खेळ, पाडव्यानंतर यात्रांच्या सुपाऱ्या, पावसाळ्यात बसून खायचं आणि कर्ज काढायचं. दुष्काळ पडला की वर्गणी आटायची, वर्गणी आटली की सुपारी पडायची. या सगळ्याचा हिशोब कुठल्याच मानपत्रात लिहिलेला नसतो.

आणि मग ती गोष्ट. विठाबाईचं नाव काढलं की कुणीही तीच सांगतो. दिवस भरलेले असताना ती फडावर नाचत होती, कळा सुरू झाल्या, ती मागे गेली, मूल झालं, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा येऊन उभी राहिली. पोट दिसेना तेव्हा प्रेक्षकांच्या लक्षात आलं आणि त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला. ही गोष्ट भाषणांत, पुरस्काराच्या निवेदनांत, मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरांत इतक्या वेळा आली आहे की तिचा देव्हारा झाला आहे. मला तिच्यात दोन गोष्टी खटकतात. एक, या गोष्टीत विठाबाई काय गात होती, वग कोणता होता, ढोलकीवर कोण होतं, हे कुणी सांगत नाही, कारण ते कुणी विचारत नाही. पन्नास वर्षांच्या कामातून आपण उचललं ते बाळंतपण. दुसरं, नवव्या महिन्यात तिला नाचावं का लागलं, हा प्रश्न निष्ठेच्या गौरवात बुडून जातो. इसार घेतलेला असतो, तंबू भरलेला असतो, बोर्डावर तिचं नाव असतं आणि बदली बाई नसते. त्याला कलेवरची निष्ठा म्हणायला हरकत नाही, पण फडाचं अर्थकारणही म्हणावं.

तमाशातल्या स्त्रीबद्दल असं निम्मंच सांगण्याची आपली सवय जुनी आहे. पवळाबाई हिवरगावकरीण ही संगमनेर तालुक्यातली. पठ्ठे बापूरावांच्या फडाला तिने जे दिलं त्यावर त्या दोघांच्या जोडीच्या दंतकथा झाल्या. बापूराव म्हणजे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी. ते लिहीत. त्यांच्या लावण्यांचे संग्रह छापले गेले, त्यांच्या नावाने शासनाचे उपक्रम झाले. पवळा गायची. तिच्या गळ्याबद्दल आपल्याकडे उरली ती ऐकीव वाहवा. डॉ. आंबेडकरांनी तमाशाच्या मिळकतीतून बापूरावांनी देऊ केलेली मदत नाकारल्याचा प्रसंगही सांगितला जातो, तो बहुधा बापूरावांची आणि बाबासाहेबांची गोष्ट म्हणून. ज्या बाईच्या नाचण्यावर ते पैसे उभे राहिले ती त्यात बोलत नाही. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या आणि आता अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात शिकवणाऱ्या इतिहासकार शैलजा पाईक यांनी २०२२च्या आपल्या ग्रंथात नेमकी ही बाजू धरली आहे. जातीने लादलेलं काम, त्यावर मारलेला अश्लीलतेचा शिक्का आणि त्याच कामातून बायांनी काढलेली माणूसपणाची वाट. २०२४ साली त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, तेव्हा मराठी वाहिन्यांवर दोन दिवस तमाशाविषयी बरंच बोललं गेलं.

लेखणीचा प्रश्न इथे येतो. ‘सांगत्ये ऐका’ हे नाव दुसऱ्याही एका कारणाने मराठीत राहिलं आहे. त्या चित्रपटात काम केलेल्या हंसा वाडकरांनी पुढे आपल्या आठवणी ‘माणूस’ या नियतकालिकात सांगितल्या, शब्दांकन अरुण साधूंचं, आणि १९७० साली त्याच नावाने पुस्तक झालं. नटीने इतकं उघड बोलावं याची मराठी वाचकाला सवय नव्हती. वर्षभरात हंसाबाई गेल्या, १९७७ साली श्याम बेनेगलांनी त्या पुस्तकावर ‘भूमिका’ बेतला, पुढे पुस्तक इंग्रजीतही गेलं. हंसाबाईंनी स्वतः कागद धरला नाही, पण ‘मी’ त्यांचा होता. पडद्यावर तमाशातली बाई रंगवणाऱ्या नटीला तो ‘मी’ मिळाला. प्रत्यक्ष तमाशात राबणाऱ्या विठाबाईचं आयुष्य योगिराज बागूल यांनी पुस्तकात आणलं, ते चरित्र म्हणून. ते झालं हे फार बरं झालं, नाहीतर आज तेवढंही हाताशी नसतं. पण चरित्रातली बाई तृतीय पुरुषात असते.

फडातही लेखन बायांकडे क्वचित आलं. वग लिहिणारे बहुतेक पुरुष, काही शाळामास्तर, काही शाहीर, काही नुसते तमाशाचे नादी. त्यांनी वहीत लिहून द्यायचं आणि बाकीच्यांनी पाठ करायचं. तरी हे निम्मंच खरं आहे. बतावणी आणि गवळणीत लिहिलेलं थोडं आणि जागेवर रचलेलं पुष्कळ. समोर गाव कोणतं, पाटील कुठे बसलाय, पाऊस झालाय का, सोंगाड्याने आत्ता काय टोला मारला, त्यावर बाईचं उत्तर. बेल्ह्याच्या बाजाराची खोड राजुरीच्या यात्रेत काढायची आणि उलटही. हे रचणं लेखनातच धरायला हवं, पण वहीत उतरत नाही ते लेखन आपण मोजत नाही. स्वातंत्र्यानंतर सरकारने तमाशावर बंदी घातली आणि मग ती उठवताना संहिता तपासण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा तपासनिसांच्या हातात वही आली. तमाशा तिच्याबाहेरच राहिला.

शेवटची वर्षं हलाखीत गेली. १५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई गेल्या, तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांनी दिलेल्या मदतीतून भागलं. मुली मात्र फडावर उभ्या होत्या: मंगला बनसोडे, संध्या माने, मालती इनामदार, भारती सोनवणे. मंगलाताईंचा फड सातारा जिल्ह्यातल्या करवडीच्या नावाने फिरतो. नारायणगावच्या राहुट्यांमध्ये या एका घराची अशी एकाहून अधिक बिऱ्हाडं असतात आणि एकमेकांशी सुपारीसाठी स्पर्धाही करतात. करोनाची २०२० आणि २०२१ ही दोन्ही सालं यात्रांविना गेली, तेव्हा राहुट्याच लागल्या नाहीत. २०२५मध्ये लक्ष्मण उतेकरांच्या हिंदी चित्रपटात श्रद्धा कपूर विठाबाई होणार अशा बातम्या आल्या. त्यात बाळंतपणाचा प्रसंग असणारच. गवळण किती असेल, हे मला बघायचं आहे.

शासनाने विठाबाईंच्या नावाने तमाशातल्या ज्येष्ठांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पहिला मिळाला कांताबाई सातारकरांना, ज्या वगात पुरुषी भूमिकाही तितक्याच ठसक्यात करत. पुढे मंगला बनसोडे आल्या, संध्या माने आल्या. ‘काळू-बाळू’मधले कवलापूरचे अंकुश खाडे आले, लालबागचं हनुमान थिएटर चालवलेले मधुकर नेराळे आले. गाणारे, नाचणारे, हसवणारे, चालवणारे. २०१८चा पुरस्कार लेखकाला मिळाला. बशीर मोमीन यांनी अनेक फडांना वग, लावण्या, गवळणी लिहून दिल्या आणि नावापुढे आपलं गाव लावलं. ते कवठेकर होते, विठाबाईंच्या आजोबांच्या कवठे येमाईचे.