येणे बाकी

आमच्या इमारतीत सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात घरी असणारी मी एकटीच. तशा दुसऱ्या मजल्यावरच्या आजी असतात, पण त्यांना बेल ऐकू येत नाही. त्यामुळे गॅस सिलिंडर घेऊन येणारा, विजेच्या मीटरचं रीडिंग घेणारा, कुरिअरवाला, मतदारयादी तपासायला येणाऱ्या शिक्षिका, या सगळ्यांना माझंच दार माहीत. चार घरांच्या किल्ल्या माझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला असतात. गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्यांचा नवा फ्रीजही मीच उतरवून घेतला. "तुमचं काय बाई, तुम्ही घरीच!" असं कुणी जिन्यात म्हटलं की पूर्वी राग यायचा. मग मी सांगत असे की मी लिहिते, चित्रं काढते, मुलांची पुस्तकं करते. त्यावर समोरच्या काकू कौतुकानं म्हणायच्या, "हो का? छान! आणि नोकरी कुठे?"

नोकरी कुठेच नाही. पुण्यात अभिनव कला महाविद्यालयात कमर्शियल आर्ट शिकले, एका जाहिरात संस्थेत साडेतीन वर्षं साबणाची आणि पंख्यांची चित्रं काढली आणि १९९४ साली ती नोकरी सोडली. तेव्हापासून जेवणाच्या टेबलाशेजारचं माझं तिरकं टेबल हेच ऑफिस. यात धाडस वगैरे काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. नवऱ्याचा पगार दर महिन्याला येत होता, म्हणून मला बिनपगारी होता आलं. आमच्यातल्या मोठ्या माणसांचंही घर पुष्कळदा दुसऱ्याच गोष्टीवर चाललेलं आहे. पु. ल. देशपांड्यांच्या पुस्तकांना ज्यांच्या रेषेनं चेहरा दिला, ते वसंत सरवटे पेशानं इंजिनिअर होते आणि नोकरी सांभाळून चित्रं काढत होते. सरवट्यांना जे सोडवलं नाही ते मी पंचविशीत सोडलं, यात शहाणपण कुणाचं ते उघड आहे.

मी पहाटे साडेपाचला लिहायला बसते आणि दुपारी चित्रं काढते. कारण अगदी घरगुती आहे. लिहिताना घरात कुणी बोललेलं मला चालत नाही, आणि चित्र काढताना कुणी बोलत असलं तर बरं वाटतं. दुपारी सासूबाई शेजारी मेथी निवडत बसतात. नात्यातल्या लग्नांच्या आणि भावकीतल्या भांडणांच्या त्यांच्या हकिकती ऐकत ऐकत मी कितीतरी राजपुत्र रंगवलेले आहेत.

एकाच माणसानं लिहायचं आणि चित्रंही काढायची म्हटलं की लोकांना वाटतं काम निम्मं झालं. प्रत्यक्षात भांडण घरात येतं. लहान मुलांचं, मध्ये पिना मारलेलं पुस्तक बहुधा सोळा पानांचं, म्हणजे एका फॉर्म्याचं. त्यातली पहिली दोन पानं नावात आणि छपाईच्या तपशिलात जातात. उरलेल्या चौदांत गोष्ट संपली पाहिजे. एक पान जास्त मागावं, तर प्रकाशक दुसऱ्या फॉर्म्याचा खर्च मांडून दाखवतो. मी पहाटे लिहिते, 'मावशी लाल लुगडं नेसून विहिरीवर गेली. वर आभाळ भरून आलं होतं.' दुपारी चित्र काढायला घेतलं की लक्षात येतं, लुगडं लाल आहे हे दिसतंच आहे. विहीर दिसते, आभाळही दिसतं. मग पहाटेच्या बाईनं लिहिलेलं दुपारची बाई खोडते. शेवटी उरतं, 'मावशी निघाली.' दोन शब्दांचे पैसे किती मागायचे, हा पुढचा प्रश्न.

चित्रकाराचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, आषाढात होतं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी चित्रकाराच्या पावसाळ्याची सोय करून ठेवली. आषाढात फोन सुरू होतात, श्रावणात कथा यायला लागतात आणि गणपती बसले की सगळंच 'उद्या सकाळी' हवं असतं. मी प्रत्येक कथा दोनदा वाचते. पहिल्यांदा वाचक म्हणून, दुसऱ्यांदा शेवट लपवण्यासाठी. चित्र छापलं जातं कथेच्या पहिल्या पानावर, त्यामुळे घर सोडून गेलेला नवरा शेवटी परत येतो, हे त्यात दिसून चालत नाही. संपादकांनी प्रत्येक कथा शेवटपर्यंत वाचलेली असतेच असं नाही, चित्रकाराची मात्र सुटका नाही. एका कथेत नायिकेचं नाव मध्येच बदललं होतं, ते पहिल्यांदा मीच पाहिलं. त्याचे वेगळे पैसे मिळाले नाहीत.

पूर्वी हे सगळं कार्ट्रिज कागदावर, कॅमलच्या काळ्या वॉटरप्रूफ शाईनं व्हायचं. चुकलं तर वर पांढरा पोस्टर कलर. मुंबईच्या अंकाची चित्रं दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून डेक्कन क्वीननं जाणाऱ्या ओळखीच्या पासवाल्याकडे द्यायची, कोल्हापूरची एसटीच्या कंडक्टरच्या हाती. २००३ मध्ये स्कॅनर घेतला, २०१६ मध्ये विजेवर चालणारी पाटी. आता चित्र क्षणात पोचतं, आणि 'जरासा बदल' म्हणून क्षणात परतही येतं.

पैसे मात्र अजून एसटीनंच येतात. 'मानधन' हा शब्द ज्यानं केला तो माणूस धोरणी असला पाहिजे. मान पहिला ठेवला, आणि तो देतातही लगेच. धनासाठी अंक खपावा लागतो, जाहिरातदारांनी बिलं चुकती करावी लागतात. तोवर मार्गशीर्ष उजाडतो. विचारायचं कसं, याचा कॉलेजात काही तास नव्हता. फोनवर आधी तब्येत, मग अंक कसा गेला, मग चुलत्याच्या मुलीचं लग्न, आणि मग "ते तेवढं जरा..." 'ते तेवढं' म्हणजे काय, ते दोन्हीकडे ठाऊक असतं.

हे न जमणं माझ्याकडे माहेरून आलं आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मिरजेत पाट्या रंगवायचे. दवाखाने, किराणा दुकानं, सतारमेकर गल्लीतली दुकानं, आसपासच्या गावांतल्या सोसायट्या. सुतळीला खडूची पूड चोळून, ती ताणून टिचकी मारली की पत्र्यावर सरळ रेघ उमटायची. तिच्याखाली ते आधी सगळी अक्षरं बसवायचे आणि शिरोरेघ अगदी शेवटी ओढायचे. "टोपी शेवटी घालायची," म्हणायचे. दीनानाथ दलालांच्या 'दीपावली'ची मुखपृष्ठं त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. रविवारी ती जमिनीवर मांडायची आणि मला म्हणायचे, "बघ, एका रेषेत खांदा कसा उतरलाय." २००० नंतरच्या पाच-सहा वर्षांत फ्लेक्स आला. अण्णांना ज्याला चार दिवस लागत ते तासाभरात छापून मिळायला लागलं. मिरज स्टेशनबाहेर लागलेल्या एका मोठ्या फ्लेक्सपुढे ते माझ्याबरोबर बराच वेळ उभे राहिले. मग एवढंच म्हणाले, "रेघ सरळ आहे."

अण्णा २००९ साली गेले. ब्रशांच्या डब्याखाली एक लांबट वही सापडली. चार रकाने होते, नाव, काम, तारीख, येणे. काही रकमांपुढे 'आले' असा शेरा होता, आणि बऱ्याच ठिकाणी, त्याच सुरेख वळणदार अक्षरात, 'सोडून दिले.' मी बेरीज केली. वीस वर्षांत सोडून दिलेले ११,३४० रुपये. १९८८ साली माझ्या फीसाठी आईनं पाटल्या मोडल्या होत्या. त्याच वर्षी, त्याच महिन्यात, एका दवाखान्याच्या पाटीचे ६५० रुपये सोडून दिलेले होते. मला अण्णांचा फार राग आला. गेलेल्या माणसाचा राग कुठे ठेवायचा ते कळत नाही.

मीही तोवर तेच करत होते, फक्त वही लिहीत नव्हते. ती २००९ सालीच सुरू केली.

२०१३ मध्ये भोरजवळच्या एका शाळेत मुलांना गोष्ट सांगायला गेले होते. ग्रंथालयाच्या कपाटात माझं एक पुस्तक दिसलं. १९९७ साली केलेलं, लेखन आणि चित्रं दोन्ही माझी, एकदाच १,२०० रुपये मिळालेले. आनंदानं उघडलं तर आत 'नववी आवृत्ती'. मला दुसरीचाही पत्ता नव्हता. एका वकील मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, हक्क लेखीच द्यावे लागतात, आणि लेखी दिले तरी त्यात मुदत घातली नसेल तर ते पाच वर्षांपुरतेच दिले असं कायदा धरतो. मी तर पैशांच्या पावतीखेरीज कशावरच सही केली नव्हती. म्हणजे भांडता आलं असतं. पण आधी जाऊन विचारावं तर लागणारच होतं.

मी अण्णांची वही पिशवीत घालून गेले. प्रकाशक वयानं मोठे, मायाळू. "अगं, तू आमच्या घरातलीच," म्हणाले. चहा मागवला. माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, घरातल्यांना नऊ आवृत्त्या झालेल्या कळवत नाहीत का?" खोलीतला टायपिस्ट थांबला. पिशवीतली वही मी बाहेर काढली नाही, नुसता हात आत ठेवून बसले होते. वीस मिनिटांनी त्यांनी ९,००० रुपयांचा चेक लिहिला. तो वटला. त्यांच्याकडून पुन्हा काम मात्र आलं नाही. जिना उतरताना पाय लटपटत होते. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात जाऊन दुसरा चहा घेतला, कारण वरचा घशाखाली उतरलाच नव्हता.

आता जे आलं आहे, त्याच्याशी वहीवरून भांडता येत नाही. २०२४ च्या श्रावणात एका अंकाच्या तरुण संपादकाचा फोन आला. अतिशय नम्र मुलगा. "मॅडम, चित्र एआयनं तयार केलंय. तुम्ही फक्त थोडं नीट करून द्या. चारशे रुपये देऊ." चित्र आलं. ओसरीवर आजी, मागे दुकान, संध्याकाळचा उजेड. पहिल्या नजरेत देखणं. मग दिसायला लागलं की नऊवारीला काष्टाच नाही. नथ उजव्या नाकपुडीत. नातवाच्या हाताला सहा बोटं. आणि दुकानावरच्या पाटीत एकही अक्षर नव्हतं. वर शिरोरेघ होती आणि खाली नुसते लोंबते आकडे. टोपी घातलेली, आत माणूस नाही.

मी ते काम केलं. चारशे रुपयांसाठी नाही, पुढच्या वर्षी फोन येणार नाही या भीतीनं. दोन दिवस लागले. काष्टा घातला, नथ डावीकडे नेली, बोट काढलं, पाटीवर अण्णांच्या वळणात 'किराणा व भुसार' लिहिलं. एकेक करता करता शेवटी त्या यंत्राचं फक्त आभाळ उरलं. चित्राखाली माझं नाव नव्हतं, मी मागितलंही नाही. त्यांनी लगेच दुसरं पाठवलं, तेव्हा मी सांगितलं की मी नवं काढून देते, माझा दर हा. "विचारून कळवतो," तो म्हणाला. अजून विचारतो आहे. २०२५ चा त्यांचा अंक मी विकत घेतला आणि सगळ्या चित्रांतली बोटं मोजली. पाच-पाच होती. नथही डावीकडे. रेघ सरळ आहे, असं म्हणायची माझी पाळी.

आज या लेखाची ओळ वहीत लिहिली. नाव लिहिलं, काम लिहिलं, तारीख घातली. 'येणे'पुढे काय लिहायचं ते कळेना. संपादकांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. उद्या सकाळी फोन करणार आहे. आधी तब्येत विचारीन.