मुलांच्या वेदनेचे मोजमाप आणि भाषेची अडचण
रायपूरच्या बूढापारा वस्तीतील मराठी घरातले मूल आईला 'कळ येते' असे सांगते, सवंगड्यांना छत्तीसगढीत 'पिरावत हे' म्हणते, तर शाळेत हिंदीतला 'दर्द' हा शब्द वापरते. रुग्णालयात मात्र या सर्वांचे रूपांतर शून्य ते दहा यांपैकी एका आकड्यात करायचे असते.

अमेरिकेतील डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी १९८० च्या दशकात यासाठी सहा चेहऱ्यांची पट्टी तयार केली. हसऱ्यापासून अश्रू ढाळणाऱ्यापर्यंतच्या एका चेहऱ्यावर मुलाने बोट ठेवायचे. परंतु 'मुलगा असून रडतोस?' हे ऐकत वाढलेला मुलगा रडक्या चेहऱ्याकडे बोट नेईलच असे नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका सुधारित पट्टीत हसूही नाही, अश्रूही नाहीत. चेहरा कसा दिसतो हे नव्हे, तर आत किती दुखते हे तीत विचारले जाते.

छत्तीसगढ आणि विदर्भात हा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण येथे सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकल्या, की हाडांत असह्य कळा येतात. बाहेर जखम दिसत नाही. वेदनाशामकाची मात्रा बव्हंशी मुलाच्या सांगण्यावर ठरते. गोंडी बोलणारे मूल अनोळखी भाषेपुढे गप्प राहिले, तर त्याची वेदना कमी लेखली जाण्याचा धोका असतो. बोलून सांगता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे, असे वेदनेच्या अभ्यासासाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये व्याख्या सुधारताना स्पष्ट केले आहे.

एका मुलाचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहण्यापेक्षा औषधापूर्वी आणि नंतर त्याच मुलाला, त्याच्याच शब्दांत, तीच पट्टी दाखवून विचारणे अधिक उपयुक्त ठरते.