गोधडीच्या दोन बाजू

सोलापूरहून बीडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यात, तेरखेडा हे गाव लागते. मराठवाड्यात हे गाव ओळखले जाते ते फटाक्यांसाठी. दिवाळी जवळ आली की महामार्गावरची वाहने येथे थांबतात आणि खोकी भरून पुढे जातात. वर्तमानपत्रांतही तेरखेड्याचे नाव येते ते बहुधा याच व्यवसायामुळे. कधी बाजारपेठेच्या बातमीत, तर कधी दुर्दैवाने कारखान्यातील स्फोटाच्या. या गावाविषयी किंवा बालाघाटच्या डोंगररांगांतील त्याच्या शेजारच्या गावांविषयी आणखी काही सांगण्यासारखे असेल, असे शहरातील वाचकाला सहसा वाटत नाही.

परंतु या साऱ्या मुलखात एक काम असे आहे की ज्याची बातमी कधीच होत नाही. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची यात्रा आटोपते, रब्बीची सुगी घरात आलेली असते, ऊसतोडीला गेलेली कुटुंबे कारखान्यांचा पट्टा पडल्यावर परतलेली असतात आणि पावसाळा अजून दूर असतो. दुपारच्या उन्हात शेतात काम नसते. अशा वेळी ढाळजेत किंवा लिंबाच्या सावलीत जमीन झाडून, सारवून एक जुने लुगडे पसरले जाते. शेजारची मैत्रीण येते, दुसऱ्या टोकाला बसते आणि गोधडी शिवायला घेतली जाते. घाटावर हिलाच कोणी वाकळ म्हणतात.

गोधडी हा टाकाऊतून टिकाऊ वस्तू करण्याचा प्रकार आहे, एवढे सर्वांनाच माहीत असते. ती मुळात एकटीने करायची वस्तू नाही, ही गोष्ट मात्र शहरातल्या दुकानात टांगलेली गोधडी पाहून लक्षात येत नाही. तिच्या रचनेतच दुसऱ्या माणसाची गरज आहे. खालचे लुगडे जमिनीवर अंथरताना ते दोन्ही टोकांनी सारखे ताणून धरावे लागते. एकटी बाई एक टोक ताणायला गेली की दुसरे सैल पडते. मग त्यावर धोतराचे तुकडे, जुने सदरे, परकर, फाटक्या साड्यांचे पट्टे असे थर रचले जातात. जिथे कापड विरलेले असेल तिथे जास्तीचे ठिगळ, जिथे शिवण जाड येईल तिथे कमी. वर पुन्हा एक धड लुगडे येते. कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा किंवा पाण्याने भरलेली भांडी ठेवायची, म्हणजे वाऱ्याने काही हलत नाही. मोठमोठे कच्चे टाके घालून सगळे थर तात्पुरते जखडून घ्यायचे आणि नंतर खरे काम सुरू होते ते धावदोऱ्याचे.

हा धावदोरा पुष्कळदा कडेने सुरू होतो आणि चौकटीत चौकट घेत मध्याकडे जातो. येथे एक अडचण असते. एकाच बाजूने शिवत गेले तर प्रत्येक टाक्यागणिक आतले कापड किंचित पुढे सरकते आणि शेवटी दुसऱ्या बाजूला झोळ येतो. समोरासमोरच्या दोन बाजूंनी दोघी एकाच वेळी शिवू लागल्या तर हे सरकणे दोन्हीकडून सारखेच होते आणि ताण आपोआप राखला जातो. मोठी गोधडी असेल तर चौघी चार बाजूंना बसतात. दोघींचा वेग मात्र सारखा असावा लागतो. एक जण घाईची आणि दुसरी संथ असली, तर घाईच्या बाईला थांबावे लागते. नाहीतर गोधडी वाकडी होते. कोणाबरोबर बसायचे, हा प्रश्न त्यामुळे केवळ आवडीनिवडीचा राहत नाही. हाताला हात जुळलेली मैत्रीण मिळाली की बायका ती सहसा सोडत नाहीत.

झालेली गोधडी उलटून पाहिली तर हे जुळणे डोळ्यांना दिसते. एका बाजूचे टाके बारीक, दाण्यासारखे. दुसऱ्या बाजूचे थोडे लांब आणि तिरके. टाका म्हणजे अक्षरासारखाच असतो, ज्याचा त्याचा वेगळा. जुन्या गोधडीवर हात फिरवून ही बाजू अमकीची, ही तमकीची असे सांगणाऱ्या म्हाताऱ्या अजूनही भेटतात, आणि त्या दोघींपैकी एखादी जगात नसली तरी तिचा टाका अंथरुणात असतो. आईच्या लुगड्याचा थर आत घालून घेण्याची रीतही पुष्कळ घरांत आहे. अशी गोधडी लेकीने सासरी नेली की ती शक्यतो पाहुण्याला दिली जात नाही.

या कामाचा मोबदला पैशांत होत नसे. शेतीत जशी सावड असते, आज तुझ्या रानात खुरपायला मी, उद्या माझ्या रानात तू, तशीच ही सावड. आज हिची गोधडी, चार दिवसांनी तिची. हिशेब कोणी लिहून ठेवत नाही, पण तो विसरतही नाही. मात्र या मैत्रीचे फार सोज्वळ चित्र रंगवण्याचे कारण नाही. ती गल्लीच्या, भावकीच्या आणि जातीच्या कुंपणातच वाढत असे; एकमेकींच्या अंगावरचे जुने कपडे हाताळण्याचे काम असल्याने ते कुंपण इथे अधिकच घट्ट होते. शिवाय अनेक सासुरवाशिणींना दुपारी दुसरीच्या दारात जाऊन बसायला परवानगी लागे आणि ‘गोधडी टाचायची आहे’ हे कारण त्यासाठी सर्वांत सोयीचे ठरे. कामाच्या निमित्ताने बसता येत होते, हेच या कामाचे एक मोठे मोल होते.

बसल्यावर काय होत असे? हात गुंतलेले आणि तोंड मोकळे, अशी ही स्थिती. नजर टाक्यावर असल्यामुळे समोरच्या व्यक्तीच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही आणि एरवी जड जाणाऱ्या गोष्टी सहज बोलल्या जातात. जात्यावर समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालणाऱ्या दोघींचेही असेच होते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यांतून हे बोलणे किती विपुल होते याची कल्पना येते. गिरण्या आल्या आणि ते जाते थांबले. गोधडीच्या गप्पांना मात्र छंद नव्हता, यमक नव्हते, म्हणून त्या कोणी उतरवून घेतल्या नाहीत.

शिकणेही याच बैठकीत होई. नवी सून किंवा दहा-बारा वर्षांची मुलगी आधी नुसती सुईत दोरा ओवून देते, मग कच्चे टाके घालते, मग तिला मधला, कोणाच्या नजरेत न येणारा भाग शिवायला मिळतो. काठाला हात लावण्याची मुभा येते ती सर्वांत शेवटी. त्याच ओघात बाळंतविड्यातील कुंची, झबले, टोपडे आणि दुपटे कसे बेतायचे, जुने मऊ सुती कापड बाळासाठी का राखून ठेवायचे, दोऱ्याला मेण का लावायचे, अशी गृहोपयोगी विद्या हस्तांतरित होत जाते. यांपैकी कशाचेही पुस्तक नसते.

शहरातल्या मध्यमवर्गीय घरांत हीच जागा विणकाम आणि भरतकामाने घेतली होती. एकोणिसाव्या शतकात मिशनरी शाळांतून क्रोशाची सुई आणि लोकरीच्या सुया मराठी मुलींच्या हाती आल्या. पुढे १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांनी शिवण-टिपण हे केवळ घरकाम न ठेवता स्वावलंबनाचे साधन बनवले. सुलट-उलट टाके, साखळी, खांब हे शब्द मराठीने इतके आपलेसे केले की ते विद्या बाहेरून आल्याची आठवणही ठेवत नाहीत. शेजारणीच्या मुलाच्या स्वेटरवरची नक्षी पाहून टाके मोजणे, एकीने पाठ आणि दुसरीने बाह्या विणणे, मैत्रिणीच्या रुखवतासाठी रात्र-रात्र जागून तोरणे पुरी करणे, हे सारे अनेक वाचकांनी पाहिलेले असेल. फरक इतकाच की स्वेटर एकटीलाही विणता येतो. तिथे मैत्रीण हवीशी असते, गोधडीला ती लागतेच.

आता या गोधडीचे काय होत आहे? पहिला बदल कापडाचा. नऊवारी सुती लुगडे, विशेषतः या भागात रुळलेले इरकली, वर्षानुवर्षे धुऊन मऊ होई आणि त्याचे थर एकमेकांना धरून राहत. हा मुलूख सुती कापडाला नवा नव्हता. याच जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर (तेरखेड्याशी नावाचे साम्य असले तरी हे गाव वेगळे), येथून साधे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात आहे. आज लुगडे नेसणाऱ्या पिढीच्या बायका थोड्या राहिल्या आहेत. त्यांच्या लेकी-सुनांच्या साड्या कृत्रिम धाग्याच्या आहेत. त्या फाटत नाहीत, रंग सोडत नाहीत आणि लवकर वाळतात, हे खरे. पण शिवताना त्यांचे थर सटकतात, घाम शोषला जात नाही आणि उन्हाळ्यात अंगाखाली गरम होतात. त्यांतून होणारी गोधडी अधिक चमकदार आणि अधिक निसरडी असते.

दुसरा बदल यंत्राचा. तालुक्याच्या गावी आता शिलाई मशीनवर गोधडी शिवून मिळते. दोघींना जे काम पुरे करायला पुष्कळ दुपारी लागत, ते मशीनवर फार लवकर उरकते, टाके सरळ येतात, आणि ज्या बाईच्या कमरेला, डोळ्यांना हे काम झेपत नाही तिची सोय होते. यंत्राला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. पण मशीनपुढे स्टूल एकच असते.

तिसरा बदल वेळेचा आणि तो सर्वांत खोलवरचा आहे. फटाक्यांचे कारखाने असोत, ऊसतोडीचा कोयता असो किंवा रोजगार हमीचे काम, दुपारला आता मजुरीचा दर आहे. ज्या दुपारचे पैसे होतात ती दुपार मैत्रिणीच्या गोधडीला देणे परवडत नाही. आणि मजुरीची गरज किती निकडीची आहे हे स्फोटक दारू हाताळण्याचा धोका पत्करून कामावर जाणाऱ्या माणसांकडे पाहिले की वेगळे सांगावे लागत नाही. शिवणकलेलाही या काळात मजुरीचे रूप आले. १९७५ साली स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळाने आणि नंतर ‘उमेद’ अभियानाने गावोगावी बचत गट उभे केले. शिवण हा त्यांचा नेहमीचा व्यवसाय. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात तर सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांचे गणवेश शिवण्याचे काम राज्य शासनाने या महामंडळामार्फत बचत गटांकडे सोपवले. गणवेश वेळेवर मिळाले नाहीत, मापाच्या आणि दर्जाच्या तक्रारी झाल्या, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस निर्णय फिरवून ती जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आली. घरगुती कौशल्य आहे म्हणून कितीही काम कितीही घाईने होईल, हे गृहीतकच चुकीचे होते. बाईच्या हाताला असलेला वेग हा तिच्या सवडीचा आणि सोबतीचा असतो, तो कंत्राटात लिहिता येत नाही.

तरीही सोबत आणि कमाई यांची सांगड घालणे अशक्य नाही. बेळगावच्या पलीकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागात सिद्दी समाजाच्या स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. तीही कडेने सुरू होऊन मध्यावर संपते. कोपऱ्यांवर त्रिकोणी कापडी फुले लावल्याशिवाय ती पूर्ण झाली असे त्या मानत नाहीत. अमेरिकी कला-अभ्यासक हेन्री ड्रुवाल यांच्या सहकार्याने त्यांनी सहकारी गट उभा केला आणि कवंद्या परदेशांतील प्रदर्शनांत पोहोचल्या. त्याआधी, १९६६ साली, अमेरिकेतील अलाबामा राज्यात गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ नावाची सहकारी संस्था काढली होती. ‘बी’ म्हणजे शेजारणींनी एकत्र जमून गोधडी पुरी करण्याचा मेळावा. तिकडची सावडच ती. त्याच परिसरातील जीज बेंड येथील गोधड्या २००२ साली न्यू यॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. महाराष्ट्रात गीता खंडेलवाल यांनी येथल्या गोधड्यांवर स्वतंत्र पुस्तकच केले आहे. पण भिंतीवर जाणारी गोधडी आणि अंथरुणात राहणारी गोधडी यांत फरक आहे. पहिलीला विकत घेणारा लागतो. दुसरीला समोर बसणारी.

बालाघाटातल्या घरांतून गोधडी अजून हद्दपार झालेली नाही. बाजारातली ब्लँकेटे आली, गाद्या आल्या, तरी पाळण्यातल्या बाळाला, बाळंतिणीला आणि ऊसतोडीच्या पालावर नेण्याच्या बोजात गोधडीच लागते. भाद्रपद संपत आला की नवरात्राच्या आधी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे ओढ्याला, नदीला धुवायला निघतात. हा रिवाज तुळजाभवानीच्या या मुलखात आजही कसोशीने पाळला जातो. सहा-सात थरांची गोधडी पाणी प्याली की इतकी जड होते की एकटीला ती उचलत नाही, पिळता तर मुळीच येत नाही. मग दोन टोकांना दोघी उभ्या राहतात, एक उजवीकडे पीळ देते, दुसरी डावीकडे, आणि काठावरच्या खडकांवर सुती, रेशमी, पॉलिस्टरच्या तुकड्यांच्या त्या चौकटी एकामागून एक वाळत पडतात.