मांजरा नदीचा मार्ग

गोदावरीच्या उपनद्यांत मांजरेचा मार्ग मोठा विलक्षण आहे. बीड जिल्ह्यांतील पाटोदा तालुक्यांत, बालाघाटच्या डोंगरांत, सुमारें ८२३ मीटर उंचीवर तिचा उगम होतो. त्याच जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. परंतु बालाघाटची रांग मध्यें आडवी असल्यामुळें मांजरेला तिकडे जातां येत नाहीं. जमिनीच्या उतारानें ती आग्नेयीकडे निघते, आणि गोदावरीच्या भेटीसाठीं तिला ७२४ किलोमीटरांचा वळसा घ्यावा लागतो.

बीड व धाराशिव या जिल्ह्यांच्या सीमेवरून ती लातूर जिल्ह्यांत येते. तावरजा, घरणी, तेरणा या नद्या तिला मिळतात. पुढें बीदर जिल्हा ओलांडून ती तेलंगणांत शिरते आणि संगारेड्डीजवळ उत्तरेकडे वळते. तेथून पुढें तिच्यावर १९३१ सालीं पुरें झालेलें निजामसागर धरण आहे. मग नांदेड जिल्ह्यांतील बिलोली तालुक्याच्या कडेनें जाऊन ती कंदकुर्तीजवळ गोदावरींत विलीन होते.

एवढी लांब नदी असतां लातुरास पाण्याची ददात कां पडावी? नदीची लांबी आणि तिचें पाणी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मोसमी वाऱ्यांचा बहुतेक पाऊस सह्याद्रीवरच पडून जातो. उगमाचा प्रदेश त्याच्या पर्जन्यछायेंत येतो. हिमालयांतील नद्यांप्रमाणें बर्फाचा आधार नाहीं, आणि खालचा काळा कातळ पाणी फारसें मुरूं देत नाहीं. त्यामुळें पावसाळ्यांत येईल तेवढेंच पाणी वर्षभर पुरवावें लागतें. तशांत खोऱ्यांत ऊस फार. त्याला बाराही महिने पाणी हवें.

लातूर शहराची मदार केज तालुक्यांतील धनेगांवच्या धरणावर आहे. लागोपाठच्या अवर्षणांनीं २०१६ च्या उन्हाळ्यांत तें कोरडें पडलें. तेव्हां मिरजेहून, सुमारें ३४० किलोमीटर अंतरावरून, आगगाडीनें पाणी आणावें लागलें. १२ एप्रिल रोजीं आलेल्या पहिल्या गाडींत ५ लाख लिटर पाणी होतें. गोदावरीच्या खोऱ्यांतील शहराची तहान कृष्णेच्या पाण्यानें भागवावी लागली!

त्याच वर्षीं पावसाळ्याअखेर धरण पुन्हां भरलें. मांजरेचा स्वभाव हा असा आहे : ती देते तेव्हां भरभरून देते, पण दरवर्षीं देईलच असें नाहीं. भरल्या वर्षीं पुढच्या कोरड्या वर्षाची तजवीज करणें, हें तिच्या कांठीं राहणाऱ्यांच्याच हातीं आहे.