पबमेडमधील गडचिरोली

वैद्यकीय संशोधनलेखांची ‘पबमेड’ ही ऑनलाइन सूची अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९९६ मध्ये सुरू केली आणि पुढच्याच वर्षी ती सर्वांना विनामूल्य खुली झाली. तिचे मूळ मात्र जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये आरंभलेल्या ‘इंडेक्स मेडिकस’ या छापील सूचीपर्यंत जाते. साडेतीन कोटींहून अधिक नोंदींच्या या भांडारात गडचिरोलीचे नाव आहे, आणि ते डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ संस्थेच्या संशोधनाने तेथे पोचले.

वसा आणि अमिर्झा या गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आणि पूर्वी अशी तपासणी केवळ ८ टक्के स्त्रियांचीच झाल्याचे दाखवणारा लेख १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढच्या वर्षी बालकांच्या न्यूमोनियावरचा आणि १९९९ मध्ये घरोघरी दिलेल्या नवजात बालसेवेमुळे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे नोंदवणारा लेखही तेथेच प्रसिद्ध झाला.

यांपैकी न्यूमोनियाच्या लेखाच्या शीर्षकातच गडचिरोली आहे. उरलेल्या दोन लेखांच्या शीर्षकांत केवळ ‘ग्रामीण भारतीय स्त्रिया’ आणि ‘ग्रामीण भारत’ एवढाच उल्लेख असल्याने, शीर्षकात जिल्ह्याचे नाव शोधणाऱ्याच्या हाती ते लागत नाहीत, आणि हे दोन लेख हुकणे म्हणजे या जिल्ह्याच्या आरोग्याचा इतिहासच हुकणे होय. अशा वेळी ‘मेश’ उपयोगी पडते. मेश म्हणजे ग्रंथालयाने ठरवून दिलेल्या विषयशब्दांचा कोश. लेखकाने ‘गायनेकॉलॉजिकल’चे स्पेलिंग ब्रिटिश वापरले असो वा अमेरिकन, नोंदीला लागणारा विषयशब्द एकच असतो, आणि त्याला ‘अँड’ या जोडशब्दाने ‘इंडिया’ जोडले की दोन्ही अटी पुऱ्या करणाऱ्या नोंदीच समोर येतात.

जोडलेल्या शब्दांपैकी कोणताही एक असलेली नोंद आणणाऱ्या ‘ऑर’ या दुसऱ्या जोडशब्दाची गरज जंगलाच्या अभ्यासकाला अधिक पडते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या लोकांना मोह एकच असला, तरी शास्त्रीय लेखनात तो मधुका लाँगिफोलिया, मधुका इंडिका, मधुका लॅटिफोलिया आणि जुन्या ग्रंथांत बासिया लॅटिफोलिया अशा नावांनी विखुरलेला आहे. ही सारी नावे ‘ऑर’ने जोडून, सोबत ‘महुआ’ही लिहिल्याशिवाय मोहफुलांवरचे संशोधन एकत्र दिसत नाही.

नोंद सापडली म्हणजे लेख वाचायला मिळालाच असे नाही, कारण पबमेड बहुधा सारांशापर्यंतच नेते. पूर्ण लेखांचे ‘पबमेड सेंट्रल’ हे मुक्त भांडार २००० मध्ये सुरू झाले, आणि भारत सरकारच्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेने २०२५ पासून सरकारी उच्चशिक्षण संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके खुली केली. गडचिरोलीत २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठासारख्या संस्थांसाठी ही मोलाची सोय आहे. गावात स्वतंत्रपणे काम करणाऱ्या अभ्यासकाला मात्र आजही मुक्त प्रतीचाच शोध घ्यावा लागतो.