विश्वासू कारभारी

निवडणूक जवळ आली की आपल्या घराघरांत, मग ते घर येथे भोपाळच्या आनंद नगरात असो वा महाराष्ट्रातील एखाद्या खेड्यात, एकच प्रश्न निघतो : मत द्यावे तरी कोणाला? अशा वेळी आम्हांस सांगोल्याचे भाई गणपतराव देशमुख आठवतात.

सोलापूर जिल्ह्यातील सांगोला हा अवर्षणाचा तालुका. गणपतरावांचा जन्म त्याच जिल्ह्यातील पेनूर गावचा. ते वकील झाले आणि सांगोल्याच्या शेतकऱ्यांचे होऊन राहिले. शेतकरी कामगार पक्षाच्या वतीने ते १९६२ साली प्रथम विधानसभेवर गेले आणि पुढे एकूण ११ वेळा निवडून आले. १९७८ व १९९९ साली ते मंत्रीही झाले, परंतु एस. टी. च्या गाडीतून सामान्य उतारूंसमवेत प्रवास करण्याची त्यांची रीत सुटली नाही. कृष्णेचे पाणी दुष्काळी रानांत यावे म्हणून ते आयुष्यभर झगडले. जेथे कापूस पिकत नाही, तेथे त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी करून अनेकांच्या हाताला काम दिले.

त्यांस पराभवही चुकला नाही. १९९५ साली ते अवघ्या १९२ मतांनी पडले. तरी त्यांनी ना पक्ष बदलला, ना लोकांवर रोष धरला. १९९९ साली त्याच लोकांनी त्यांस पुन्हा निवडून दिले. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा सारा तालुका हळहळला.

त्यांचा पक्ष लाल बावट्याचा, मार्क्सच्या विचारांचा. त्या विचारांतील सर्वच गोष्टी ख्रिस्ती मनास पटणार नाहीत, हे उघड आहे. तथापि प्रभू येशूने विश्वासू कारभाऱ्याचा दाखला दिला, तो आपण केवळ देवळात ऐकण्यासाठी नव्हे. धन्याची मालमत्ता आपली न मानता जो ती राखतो, तो कारभारी आपल्या धर्माचा नसला तरी त्याचा गुण ओळखणे हे आपले कर्तव्य आहे.

आणि १९२ मते म्हणजे किती? एखाद्या लहानशा वाडीची! म्हणून आपल्या एका मताने काय होणार, असे कोणी म्हणू नये. सायंकाळची रोझरी आटोपल्यावर घरातील वडीलधाऱ्यांनी मुलांसमवेत ह्याचा विचार करावा. उमेदवार काय वाटतो हे न पाहता, तो कसा जगतो हे पाहावे. मत ही आपल्या हाती दिलेली ठेव आहे. तिचा हिशेब आपणांसही द्यावयाचा आहे.